दोरा दहा सेंटिमीटर, प्रवास किती?

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं बेटांबद्दलची निघाली. समुद्र चार-पाच तासांवर असलेल्या सातारा-सांगलीकडच्या माणसांना अचानक बेटांची ओढ का लागली, कुणास ठाऊक. पण माझा विषय निघालाय, म्हणून इतर पत्रं पुढच्या अंकावर ढकलतो.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की मी हवाई दलात नॅव्हिगेटर होतो. विमान चालवायचो नाही. चालवणाऱ्याला 'आपण कुठे आहोत' आणि 'कधी पोचणार' हे सांगायचो. सध्या मुक्काम साताऱ्यात, शाहूपुरीत. टेबलावर तीस सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल आहे आणि शेजारी शिवणाच्या दोऱ्याचं रीळ. रीळ बायकोचं. उत्तरं लिहून झाली की ते परत करायचं, अशी घरातली अट आहे.

*

कराडहून एक शिक्षिका: नववीच्या मुलांना प्रकल्प दिला होता. दोन एकाकी बेटं निवडा, तिथल्या विमानतळांमधलं अंतर काढा आणि प्रवासाला लागणारा वेळ काढा. एका गटानं प्रशांत महासागरातलं ईस्टर बेट आणि ताहिती निवडलं. अक्षांश-रेखांशांवरून पायथागोरस लावून त्यांचं अंतर ४,६०० किलोमीटर आलं, इंटरनेटवर ४,२५० दिसतं. वेळ इंटरनेटवर पाच तास एकोणपन्नास मिनिटं. पण एका मुलीनं दोन्हीकडची स्थानिक घड्याळं धरून हिशेब केला, तर जायला एक तास पन्नास मिनिटं आणि यायला नऊ तास आले. वर्ग हसला आणि ती रडवेली झाली. सर, यात बरोबर कोण?

उत्तर: बाई, उद्या वर्गावर गेलात की आधी त्या मुलीला उभं करा आणि बाकीच्यांना टाळ्या वाजवायला सांगा. तिचं कसं बरोबर आहे ते पुढे सांगतो. आधी अंतर.

पायथागोरस लावणारी मुलंही कच्ची नाहीत. चूक झालीय ती एकाच ठिकाणी. ईस्टर बेटाचा मातावेरी विमानतळ साधारण २७ अंश दक्षिणेला, १०९.४ पश्चिम रेखांशावर आहे. ताहितीचा फाआ विमानतळ साडेसतरा अंश दक्षिणेला, १४९.६ पश्चिमेवर. रेखांशांतला फरक ४० अंशांचा. त्यांनी दोन्ही फरकांना १११ किलोमीटरनं गुणलं. अक्षांशाचा एक अंश कुठेही १११ किलोमीटरच असतो, पण रेखांशाचा फक्त विषुववृत्तावर. ध्रुवांकडे जावं तसे रेखांश जवळ येतात, सोललेल्या मोसंब्याच्या फोडींसारखे. या दोन बेटांच्या मधल्या अक्षांशावर, म्हणजे बावीसच्या आसपास, एक अंश भरतो १०३ किलोमीटर. तो आकडा घालून त्यांना पुन्हा पायथागोरस करू द्या, उत्तर ४,२७० च्या जवळ येईल. खऱ्या अंतरापासून वीस किलोमीटरचा फरक. आम्ही तरुणपणी पेन्सिलीनं काम करायचो तेव्हा एवढ्या फरकाला कुणी ओरडत नसे.

आता दोरा. पृथ्वीगोलावर एक टोक ईस्टरवर, दुसरं ताहितीवर आणि दोरा ताणून धरायचा. माझ्या गोलाचा परीघ ९४ सेंटिमीटर, पृथ्वीचा ४०,००० किलोमीटर. म्हणजे एक सेंटिमीटर ४२५ किलोमीटरचा. काल रात्री मोजला तर दोरा भरला बरोब्बर दहा सेंटिमीटर. ४,२५०. शाळेत गोल असेल तर हे मुलांच्या हातून करून घ्या. आणि दोरा ताणला की तो कुठून जातो तेही त्यांना दाखवा. सपाट नकाशावर पट्टीनं ओढलेल्या रेघेपेक्षा तो दक्षिणेकडे झुकलेला दिसेल. गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर म्हणजे बृहद्वृत्ताचा, गोलाचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाचा, तुकडा, आणि तो नकाशावर वाकडा दिसतो. ईस्टरहून निघताना विमानाचं नाक (उत्तर शून्य धरून घड्याळाच्या दिशेनं मोजलं तर) २७६ अंशांवर असतं, जवळजवळ सरळ पश्चिमेला. ताहितीला पोचेपर्यंत ते २९२ झालेलं असतं. आतल्या प्रवाशाला वाटतं आपण नाकासमोर चाललोय, आणि नकाशावर मात्र विमान वाटेत हळूहळू सोळा अंश उजवीकडे वळलेलं असतं.

आता वेळ. इंटरनेटवरची ती यंत्रं बहुतेक एकच युक्ती करतात. अंतराला ताशी ८०० नं भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा. ४,२५० भागिले ८००, वर अर्धा तास, की झाली तुमची एकोणपन्नास मिनिटं. पन्नास म्हणायला काय होतं? पण एकोणपन्नास म्हटलं की वाटतं कुणीतरी घड्याळ लावून मोजलंय. या हिशेबात वारं धरलेलंच नाही.

त्या भागात दहा-अकरा किलोमीटर उंचीवर वारं बहुधा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतं. समजा विमानाचा स्वतःचा वेग ताशी ८७० आणि समोरून वारं ७०. ताहितीकडे जाताना जमिनीवरचा, म्हणजे पाण्यावरचा वेग उरतो ८०० आणि लागतात पाच तास वीस मिनिटं. येताना वेग होतो ९४० आणि लागतात साडेचार तास. दोन्हींत अर्धा-अर्धा तास मिळवा. ईस्टर बेट ज्या चिली देशाचं, त्याची राजधानी सांतियागो ते ईस्टर या ३,७५० किलोमीटरांच्या वाटेवर हा फरक लोक नेहमी अनुभवतात. बेटाकडे जाताना पाच तासांच्या वर, मुख्य भूमीकडे परतताना साडेचारच्या आसपास.

मुलांना इथे एक कोडं घाला. जाताना वाऱ्यानं अडवलं आणि येताना ढकललं, म्हणजे फिटंफाट झाली का? सगळी हो म्हणतील. नाही होत. वरच्याच आकड्यांनी जाऊन-येऊन करा, वारं नसतानाच्या वेळेपेक्षा चार मिनिटं जास्त भरतात. कारण अडवणारं वारं तुमच्या अंगावर जास्त वेळ असतं. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर आषाढात सायकल चालवलेल्या पोराला हे गणित न करताही पटेल.

आणि आता ती मुलगी. ताहितीचं घड्याळ ईस्टर बेटाच्या चार तास मागे आहे. ईस्टरहून रात्री अकराला निघालं, पाच तास पन्नास मिनिटं उडालं, की ईस्टरच्या घड्याळात पहाटेचे चार पन्नास होतात आणि ताहितीत तेव्हा बारा वाजून पन्नास मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळांना विचाराल तर प्रवास एक तास पन्नास मिनिटांचा! परत येताना ताहितीहून रात्री एकला निघा, पाच तास उडा, उतराल तेव्हा ईस्टरवर सकाळचे दहा. नऊ तास. पोरीचा हिशेब मिनिटाला मिनिट बरोबर आहे. तिला आणखी एक गंमत सांगा. दक्षिणेकडच्या उन्हाळ्यात चिली आपलं घड्याळ एक तास पुढे करतो, ईस्टर बेटही करतं, ताहिती करत नाही. मग तेच विमान घड्याळावर पन्नास मिनिटांत पोचतं. यातले तिला जे तास दिसले, तेच हॉटेलवाल्याला आणि न्यायला येणाऱ्या पाहुण्याला लागतात. उडण्याचे तास लागतात ते इंधन भरणाऱ्याला.

आता बेटाबद्दल दोन गोष्टी, प्रकल्पाच्या वहीत चिकटवायला. ईस्टर बेटावर पहिलं विमान १९५१ च्या जानेवारीत उतरलं. चिलीच्या हवाई दलाचे कॅप्टन रोबेर्तो पार्रागे यांनी कॅटालिना जातीचं, पाण्यावर उतरणारं विमान सुमारे वीस तास हाकत नेलं. वीस तास! त्या विमानाचं नाव होतं 'मानुतारा'. हा त्या बेटावर येणारा काळ्या पाठीचा सुरय पक्षी. नाव लक्षात ठेवा, तो खाली पुन्हा भेटणार आहे. आणि आज तिथली धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब आहे ती काही पर्यटकांसाठी झाली नाही. १९८७ मध्ये ती वाढवली अमेरिकेच्या स्पेस शटलला अडीअडचणीला उतरता यावं म्हणून. शटल कधी आलं नाही. पट्टी मात्र राहिली, त्यामुळे मोठी विमानं उतरू लागली.

एक सावधगिरी. या दोन बेटांमध्ये कोव्हिडच्या आधी आठवड्यातून एकच विमान जात असे. म्हणजे मंगळवारी चुकलं तर पुढच्या मंगळवारपर्यंत दगडी पुतळे मोजत बसायचं. पुतळे नऊशेच्या आसपास आहेत, वेळ जाईल. पण प्रवासाचा वेळ लिहिताना मुलांनी एक रकाना 'पुढचं विमान कधी' असाही ठेवावा.

*

मिरजेहून एक वाचक: पुढच्या हिवाळ्यात लग्न आहे. लक्षद्वीपमधलं अगत्ती आणि अंदमानातलं पोर्ट ब्लेअर दोन्ही एकाच सहलीत करायचं डोक्यात आहे. दोन्हीकडे विमानतळ आहेत, दोन्ही भारतातच. अंतर आणि वेळ किती?

उत्तर: आधी अभिनंदन. आता वाईट बातमी.

सरळ अंतर २,२४० किलोमीटर. यंत्राला विचाराल तर सव्वातीन तास सांगेल. पण हे सव्वातीन तास उडणारं विमान अस्तित्वात नाही. अगत्तीची धावपट्टी सव्वा किलोमीटरच्या आसपास, दोन्ही टोकांना समुद्र. तिथे पंख्याची एटीआर विमानं उतरतात. भरल्या प्रवाशांनिशी पोर्ट ब्लेअर गाठण्याइतकं इंधन त्या विमानाला झेपत नाही, आणि ज्या जेटला झेपतं त्याला अगत्तीची पट्टी पुरत नाही. त्यामुळे वाट अशी: अगत्ती ते कोची साधारण ४६५ किलोमीटर, कोची ते चेन्नई ५२०, चेन्नई ते पोर्ट ब्लेअर (आता श्री विजय पुरम) १,३७०. बेरीज करून बघा, २,३५५. सरळ रेघेपेक्षा फक्त ११५ किलोमीटर जास्त! अंतरात काहीच गेलं नाही आणि तरी दिवस गेला.

कारण उडण्याचे तास जेमतेम पाच, बाकी सगळी वाट बघणं. अगत्तीहून विमानं मोजकी. पोर्ट ब्लेअरचा विमानतळ नौदलाच्या तळावर, तिथली नागरी विमानं मुख्यतः दिवसाच्या पहिल्या भागात. म्हणजे मधली रात्र कोचीत किंवा चेन्नईत धरूनच चाला. मिरज-सांगली दहा किलोमीटर, पण संध्याकाळी विश्रामबागेतून गेलेल्या माणसाला 'दहा किलोमीटर म्हणजे दहा मिनिटं' असं सांगून बघा!

तुम्हाला तर मिरजेहून आधी कोल्हापूर, पुणे किंवा गोवा गाठायचंय, त्यामुळे माझं ऐकाल तर एकच बेट करा. दोन्ही करायचीच असतील तर दहा दिवस काढा. लक्षद्वीपला आपल्यालाही परवाना लागतो. तो हातात आल्याशिवाय तिकिटं काढू नका, लग्नपत्रिका छापायच्या आधी अर्ज करा.

आणि एक घड्याळाची गंमत तुमच्याही वाट्याला. दोन्हीकडे घड्याळ एकच, भारताचं. पण रेखांशांत साडेवीस अंशांचा फरक, आणि एका अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो. म्हणजे सूर्य पोर्ट ब्लेअरला अगत्तीपेक्षा ऐंशी मिनिटांहून अधिक आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. डिसेंबरात तिथे संध्याकाळी पाचला दिवे लागतात. सूर्यास्ताचा फोटो काढायचा बेत असेल तर जेवणानंतरची झोप आटोपती घ्या. मी तिथे नवा होतो तेव्हा पहिल्या आठवड्यात रोज सूर्यास्त चुकवला, कारण साताऱ्याच्या सवयीनं सहाला चहा घेऊन बाहेर पडायचो आणि बाहेर काळोख.

*

वडूजहून एक इतिहासप्रेमी: नेपोलियनला ज्या सेंट हेलेना बेटावर ठेवलं, तिथे आता विमान जातं असं ऐकलं. खरं का? आणि तिथून जवळचं दुसरं बेट किती लांब?

उत्तर: खरं आहे. पण झालं फार उशिरा. नेपोलियन १८१५ मध्ये तिथे पोचला आणि १८२१ मध्ये तिथेच वारला. त्यानंतर जवळपास दोनशे वर्षं बेटावर जायचं तर जहाजानंच. अलीकडच्या काळातही केपटाउनहून पाचेक दिवसांचा प्रवास. नियमित विमान सुरू झालं ऑक्टोबर २०१७ मध्ये. जवळचं वस्तीचं बेट असेन्शन, तेही दक्षिण अटलांटिक महासागरातच. मध्ये पाणी १,३०० किलोमीटर. म्हणजे माझ्या दोऱ्यावर तीन सेंटिमीटर आणि वर एक धागा. छोटं जेट दोन तासांत नेतं, आणि घड्याळ दोन्हीकडे एकच, लंडनच्या हिवाळ्याचं. पण हे विमान महिन्यातून एखादं. त्यामुळे 'दोन तास' म्हणायला जीभ जरा अडखळते.

या विमानतळाची एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. धावपट्टी बेटाच्या पूर्व कडेला, समुद्रापासून तीनशे मीटर उंच कड्याच्या माथ्यावर. जागा कमी पडली म्हणून अख्खी दरी दगडमातीनं भरून काढली. २०१६ मध्ये सगळं तयार झालं, मोठं विमान चाचणीला आणलं आणि वाऱ्यानं त्याला असं काही हलवलं की उद्घाटन लांबणीवर पडलं. कड्याला आपटून वर उसळणारं वारं पट्टीच्या टोकाशी दिशा आणि जोर एकदम बदलत होतं. शेवटी लहान विमान निवडलं आणि मार्ग सुटला.

याचं नवल साताऱ्याच्या माणसाला वाटू नये. पाटण तालुक्यात सडावाघापूरचा उलटा धबधबा पावसाळ्यात पाहिलाय ना? पाणी कड्यावरून खाली पडायला निघतं आणि वारं त्याला परत वर फेकतं. दहा पावलं मागे उभे राहा, टोपीसुद्धा हलत नाही. कडेशी हात पुढे करा, बाही फडफडायला लागते. मजा अशी की चार्ल्स डार्विन १८३६ मध्ये सेंट हेलेनावर गेला होता आणि त्यानं नेमकं हेच टिपून ठेवलंय. पठाराच्या कडेशी तो उभा होता तिथे हवा शांत, आणि काही हातांवर सुरय पक्षी जोराच्या वाऱ्याशी झुंजत होते. त्यानं हात पुढे केला तर वाऱ्याचा सगळा जोर हातावर. आपल्याकडे कड्याशी गुरं राखणाऱ्या कुठल्याही पोराला हे ठाऊक असतं, फक्त त्याची नोंद होत नाही.

आणि सुरय निघालाच आहे, तर असेन्शनच्या धावपट्टीचं नाव 'वाइडअवेक'. म्हणजे टक्क जागा. हे नाव कशावरून, तर तिथे हजारोंनी येऊन रात्रभर कलकलाट करणाऱ्या काळ्या पाठीच्या सुरय पक्ष्यांवरून. ईस्टर बेटाच्या पहिल्या विमानाचं नाव ज्याच्यावरून पडलं, तोच हा पक्षी. तोच आपल्या लक्षद्वीपमध्ये पिट्टी नावाच्या वाळूच्या तुकड्यावर अंडी घालतो. तीन महासागर झाले. त्याला परवाना लागत नाही आणि मधली रात्र चेन्नईत काढावी लागत नाही.

*

साताऱ्याहून सहावीतला एक विद्यार्थी: आजोबा, बेटावर विमान गेलं आणि तिथे उतरताच आलं नाही तर? आजूबाजूला सगळं पाणी. आणि मध्येच पेट्रोल संपलं तर? आम्ही बामणोलीहून लाँचनं गेलो तेव्हा मला भीती वाटली होती.

उत्तर: बाळा, चार पत्रांत सगळ्यात अवघड प्रश्न तुझा आहे. माझी सगळी नोकरी सरली ती ह्याच प्रश्नाचं उत्तर रोज नव्यानं काढण्यात.

पुण्याला उतरता आलं नाही तर विमान मुंबईला जातं. ईस्टर बेटावर उतरता आलं नाही तर सगळ्यात जवळचा दुसरा विमानतळ मांगारेवा नावाच्या छोट्या बेटाशेजारी, २,६०० किलोमीटरवर. साताऱ्याहून निघालेल्याला सांगितलं की रस्ता बंद आहे, शेजारचं गाव म्हणून जरा ईशान्य भारतात जाऊन या, तसं. म्हणून अशा एकाकी विमानतळांसाठी जगभर एक नियम आहे. जेट विमानानं तिथे पोचल्यावरही आणखी दोन तास उडता येईल एवढं इंधन बरोबर ठेवायचं. पाऊस असेल तर वर घिरट्या घाला, थांबेपर्यंत वाट बघा.

ईस्टर बेटाची आणखी एक शिस्त आहे. तिथे धावपट्टी एकच. एक विमान उतरत असेल तर ते सुखरूप उतरेपर्यंत मागच्यानं परतीचा टप्पा ओलांडायचा नाही. कारण पहिल्याचं चाक फुटून ते पट्टीवरच बसलं तर दुसऱ्यानं जायचं कुठे?

हा परतीचा टप्पा म्हणजे काय ते सांगतो. इंग्रजीत त्याला पॉइंट ऑफ नो रिटर्न म्हणतात, आम्ही नुसतं पीएनआर म्हणायचो. जिथपर्यंत जाऊन उरलेल्या इंधनावर घरी परत येता येतं, ती शेवटची जागा. त्याच्याच शेजारी आणखी एक जागा असते, क्रिटिकल पॉइंट. इंजिन बिघडलं तर पुढे जाणं लवकर की मागे फिरणं लवकर, हे जिथे सारखं होतं ती. तुला वाटेल, ती बरोबर मध्यावर असणार. नसते. तू यवतेश्वरच्या घाटानं सायकल घेऊन वर निघालास आणि अर्ध्या वाटेच्या थोडं पुढे तहान लागली, तर वर जाशील की खाली साताऱ्यात येशील? खालीच येशील, कारण परतीला उतार आहे. वाऱ्याचंही तसंच. वर कराडच्या बाईंना सांगितलेले आकडे घे. ताहितीकडे जाताना ताशी ८००, मागे फिरलं तर ९४०. एकूण ४,२५० ला ९४० नं गुण आणि दोन्ही वेगांच्या बेरजेनं, १,७४० नं भाग. येतात २,२९६. मध्य आहे २,१२५ वर. म्हणजे मध्य ओलांडून आणखी १७१ किलोमीटर जाईपर्यंत मागे फिरणंच लवकरचं असतं. दोन्हीकडून तपासून बघ. २,२९६ भागिले ९४०, आणि उरलेले १,९५४ भागिले ८००. दोन्हींचं उत्तर दोन तास सव्वीस-सत्तावीस मिनिटं आलं नाही तर मला पत्र टाक.

आता माझी एक फजिती. कुणाला सांगू नकोस म्हणालो असतो, पण छापूनच येतेय.

साल सांगत नाही, डिसेंबर होता. एएन-३२ विमान, मद्रासकडून कार निकोबारला निघालो होतो. आम्ही त्याला कारनिक म्हणायचो. ७८० सागरी मैल, सगळं पाण्यावरून. सागरी मैल म्हणजे अक्षांशाच्या अंशाचा साठावा भाग, १.८५२ किलोमीटर. आमची गणितं त्यातच चालायची. विमानाचा वेग २४० नॉट, म्हणजे ताशी तेवढे सागरी मैल. हवामानवाल्यानं वारं दिलं, पूर्वेकडून दहा नॉट. आम्ही पूर्वेला चाललोय, म्हणजे ते समोरून येणार. पण वारं 'पूर्वेचं' म्हणजे पूर्वेकडून येणारं, हे रोज घोकणारा मी त्या दिवशी ते पूर्वेकडे जाणारं समजून बसलो आणि गणकावर पाठीशी लावून मोकळा झालो. २५० च्या वेगानं तीन तास सात मिनिटं, असं कॅप्टनला ठसक्यात सांगितलं.

तीन तास सात मिनिटं झाली. खाली पाणी. दहा मिनिटं झाली, पाणी. कारनिक सपाट बेट, त्यावर नारळ. डोंगर असता तर लांबून दिसला तरी असता. कॅप्टन हेडफोनवर फक्त एवढंच म्हणाले, "नॅव, बेट कुठं ठेवलंयस?" माझ्या हातातली पेन्सिल घामानं निसटत होती. तेवढ्यात माझ्या कागदावर लक्ष गेलं आणि बाणाचं टोक उलट्या बाजूला दिसलं. पुन्हा गणित केलं, २३० नॉट, तीन तास तेवीस मिनिटं. "सर, सहा मिनिटांत," म्हणालो. पाचव्या मिनिटाला पाण्यावर एक हिरवी रेघ उमटली. तशी हिरवी रेघ मी पुन्हा आयुष्यात पाहिली नाही.

इंधन भरपूर होतं. नियमानं जादा भरलेलंच होतं, म्हणून माझ्या सोळा मिनिटांच्या चुकीचा नुसता विनोद झाला. संध्याकाळी मेसमध्ये सगळ्यांना चहा मी पाजला आणि पुढे सहा महिने कुणी ना कुणी विचारायचं, "आज वारं कुठल्या बाजूचं रे?" आता विमानांत उपग्रहावरून जागा कळते आणि माझ्यासारख्या माणसाची खुर्चीच राहिली नाही. पण वारं अजून तेच आहे, आणि दोन तासांचं जादा इंधनही.

त्याच कारनिकवर २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. हवाई दलाच्या तळावरची शंभराहून अधिक माणसं, त्यांत बायका-मुलं, गेली. मी तेव्हा निवृत्त होतो. ज्या मेसमध्ये चहा पाजला ती समुद्रापासून किती पावलांवर होती ते त्या दिवशी आठवून आठवून मोजत बसलो होतो.

राहता राहिली तुझी लाँच. बामणोलीहून कोयनेच्या पाण्यावर जाताना भीती वाटली, ते ठीकच आहे. तुझं पत्र आल्यावर मी मुद्दाम रविवारी तिकडे गेलो आणि एका लाँचवाल्याला विचारलं, मध्येच डिझेल संपलं तर काय करता? तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "काका, मागनं दुसरी लाँच येतीच की. तोवर बसायचं गप." आणि फळीखालचा भरलेला कॅन पायानं पुढे सरकवून दाखवला.